खाडीतल्या छोट्या जेटीचे पाइल: चिखलापासून खडकापर्यंत

हा लेख कोकणातल्या खाडीत छोटी जेटी बांधू पाहणाऱ्यांसाठी आहे: मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी, ग्रामपंचायतीचे सदस्य, पर्यटकांच्या होड्या चालवणारे, आणि कॉलेजातून बाहेर पडून पहिल्यांदाच पाण्यातल्या साइटवर उभा राहिलेला इंजिनिअर. डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरच करणार. पण पाइल, म्हणजे जेटी ज्यावर उभी राहते तो तळात खोल उतरवलेला खांब, उतरत असताना तिथे उभं राहून काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि कधी काम थांबवायला सांगायचं, हे मालकालाही कळायला हवं. समोर धरलेली जेटी अशी: दोन मीटर रुंद, पंचवीस-तीस मीटर लांब, दर चार मीटरला दोन पाइलची जोडी, वर आरसीसी बीम आणि स्लॅब.

आधी भार समजून घ्या

नवख्या माणसाला वाटतं, पाइल वजन पेलायला असतो. हिशेब करून बघा. दर जोडीच्या वाट्याला ८ चौ. मी. स्लॅब येतो. माणसं, जाळी, बर्फाचे क्रेट वगैरे मिळून चौरस मीटरला अर्धा टन धरला तर ४ टन. २०० मिमी जाडीच्या स्लॅबचं वजन आणखी ४ टन, बीमचं दोनेक टन. म्हणजे एका पाइलवर साधारण ५ टन. ६०० मिमी व्यासाचा, खडकात नीट बसलेला पाइल याच्या कितीतरी पट वजन घेतो.

जेटी मोडते ती आडव्या धक्क्याने. होडी ओहोटीच्या ओढीबरोबर तिरकी येऊन आदळते, बांधलेल्या होडीला वारा ओढतो, पुरात वाहून आलेलं झाड पाइलमध्ये अडकतं. वरचा चिखल पाइलला धरत नाही. चार मीटर चिखल, त्यावर उधाणाच्या भरतीचं तीन मीटर पाणी, त्याच्यावर एक मीटर मोकळी जागा, असं असेल तर तुमचा पाइल आठ मीटर उंचीचा मोकळा खांब आहे असंच समजायचं. म्हणून घट्ट थर किती खोल आहे, हा या कामातला पहिला आणि सगळ्यात महाग प्रश्न. पाइलचा व्यास, सळई, खर्च, सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

परवानग्यांबद्दल थोडक्यात: भरतीच्या पट्ट्यातलं बांधकाम सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखाली येतं (सध्याची अधिसूचना २०१९ ची), त्यासाठी राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे जावं लागतं. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स हे खातं आहे. कांदळवन असेल तर जागाच बदलण्याचा विचार करा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे, आणि "चार फांद्या तोडल्या तर काय होतं" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कागद हातात आल्याशिवाय कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक

काम दिवाळीच्या सुमारास सुरू करून मेच्या मध्यापर्यंत पाण्यातून बाहेर काढायचं. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या मोकळ्या असतात म्हणून ते दिवस सोयीचे वाटतील. पण पाइलिंगसाठी ते निरुपयोगी आहेत.

कोळ्यांचा हिशेब इंजिनिअरनेही शिकून घ्यावा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अंदाजापुरतं हे पुरतं. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत. तीही जवळच्या बंदराची असतात. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते, म्हणून आपल्या जागेवर रंगवलेली मोजपट्टी रोवून किमान एक महिना, म्हणजे दोन्ही उधाणं धरून, पाण्याची पातळी लिहून ठेवा. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढउतार करतं, दक्षिणेकडे ते कमी होत जातं. दुसऱ्या गावच्या जेटीची उंची उचलून आपल्याकडे लावू नये ती यासाठी.

पुनव-अवसेला कोकणात भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. उधाणात तळ उघडा पडतो, पण पाण्याला ओढ जबरदस्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं उतरत नाही, पण ओढ मंद. यावरून कामाची वाटणी आपोआप होते: तळ मोजणं, चिखल चाचपणं, खालच्या पट्ट्यातली दुरुस्ती उधाणाच्या ओहोटीला; लायनर (पाइलच्या भोकात घालायची लोखंडी नळी) उभा करणं, तराफा हलवणं भांगाला. कंत्राटदार "सोमवारपासून लायनर टाकू" म्हणाला तर त्याला तिथी विचारा.

नकाशावर पातळी लिहिलेली असते ती कशापासून मोजली, हेही एकदा खात्रीने विचारून घ्या. बंदराच्या कामात चार्ट डेटम, म्हणजे ओहोटीच्या अगदी खालच्या पाण्याची पातळी, वापरतात, जमिनीच्या सर्वेक्षणात समुद्राची सरासरी पातळी. मुंबईत या दोन्हींत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. एकाने एक धरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर जेटी उधाणात पाण्याखाली जाते किंवा होडीतून वर चढायला शिडी लावावी लागते.

चिखलाखाली काय आहे

सुरुवातीला साधी चाचपणी करा. उधाणाच्या ओहोटीला एक इंची जीआय पाइप घेऊन दोघांनी मिळून चिखलात दाबायचा, दर पाच मीटरला, जेटीच्या नियोजित रेषेवर आणि तिच्या दोन्ही बाजूंना. पाइप कुठे सहज जातो, कुठे करकरतो, कुठे ठण्णकन थांबतो, ते लिहा. चिखलात एकट्याने उतरू नये, कमरेला दोर असावा, आणि पाणी वळायच्या आधी बाहेर यावं. अर्ध्या दिवसाच्या या कामाने रेषा दहा मीटर सरकवून पाइलची खोली तीन मीटरने वाचल्याची उदाहरणं आहेत. सोबत गावातल्या जुन्या तांडेलाला न्या. खाडीचं पात्र गेल्या काही वर्षांत कुठून कुठे सरकलं, रेती कुठे साचते, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये मिळत नाही.

पण डिझाइन यावर होत नाही. त्यासाठी बोअर, म्हणजे यंत्राने पाडलेली तपासणीची भोकं, घ्यायचे: छोट्या जेटीलाही किनाऱ्याकडे एक आणि टोकाला एक, मधे खडक उतरता असेल तर आणखी एक. बोअरमध्ये ठरावीक खोलीला एसपीटी चाचणी होते: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो आणि नळी ३० सेंमी आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. मऊ खाडीच्या चिखलात दोन-चार ठोके, घट्ट मुरमात पन्नासच्या वर.

रायगडाकडे चिखलाखाली बहुधा मुरूम आणि मग काळा दगड लागतो. तो मामला त्यातल्या त्यात सरळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात जांभा फसवतो. जांभ्याचं वरचं कवच कडक असतं, एसपीटीचा हातोडा तिथे उड्या मारतो, आणि बोअरवाला "रॉक लागला" म्हणून सामान आवरतो. त्या कवचाखाली कित्येकदा मऊ, पांढरट-पिवळी माती असते. पुराबरोबर आलेल्या मोठ्या गोट्यानेही असाच घोटाळा होतो. म्हणून खडक लागल्यावर आणखी तीन मीटर तरी कोअर, म्हणजे खडकाचे अखंड गोल नमुने, काढायला लावायचे, आणि कोअरच्या पेट्या स्वतः डोळ्यांनी बघायच्या. त्यांचा फोटो रिपोर्टला जोडला नसेल तर बिल थांबवा. बोअरच्या पैशात काटकसर करणारे लोक मला कधीच समजलेले नाहीत. पाइलच्या एक-दोन मीटर जास्तीच्या लांबीत ते पैसे केव्हाच जातात.

आखणी आणि स्टेजिंग

जेटीची मधली रेषा किनाऱ्यावर पक्क्या काँक्रीटच्या दोन खुणांनी बांधून घ्या. खुंट्या चालत नाहीत, म्हशी त्या उपटतात. प्रत्येक पाइलची जागा टोटल स्टेशनने (अंतर-कोन मोजणाऱ्या यंत्राने) दोन वेगवेगळ्या जागांवरून तपासायची.

पाण्यात पाइल करायला उभं राहायला जागा हवी. छोट्या जेटीत सोपा मार्ग म्हणजे किनाऱ्याकडून सुरुवात करून पुढे सरकत जाणं: तात्पुरते लोखंडी पाइप रोवून त्यावर गर्डर आणि फळ्या, त्यावर ट्रायपॉड आणि विंच. एक जोडी झाली की स्टेजिंग पुढे न्यायचं. स्टेजिंगची फळी उधाणाच्या भरतीपेक्षा चांगली मीटरभर वर हवी. तराफ्यावरून काम करता येतं, पण तो भरतीबरोबर वर-खाली होतो, ओढीने फिरतो, आणि ट्रायपॉड लायनरच्या मधोमध ठेवणं त्रासाचं होतं.

स्टेजिंगवर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, वेल्डिंगच्या लाइनला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारं स्विच), आणि उघड्या लायनरच्या तोंडावर झाकण. सहाशे मिलिमीटरचं भोक माणूस गिळायला पुरेसं असतं.

लायनर

लायनर म्हणजे लोखंडी पत्र्याची नळी, साधारण ६ मिमी जाडीची. चिखल बोअरमध्ये ढासळू नये म्हणून ती घालतात. पाण्यातल्या कामात ती कायमची आतच राहते. तिची ताकद हिशेबात धरायची नाही, कारण खाऱ्या पाण्यात ती गंजून जाणार.

उभा करताना एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी ओळंबा लावा. आयएस २९११ या पाइलच्या भारतीय मानकानुसार उभ्या पाइलचा कल दीड टक्क्याच्या आत हवा, म्हणजे मीटरला १५ मिमी. जागेतली चूक ७५ मिमीच्या आत. पहिले दोन मीटर उतरतानाच हे पकडलं तर दुरुस्त होतं. चार मीटर गेल्यावर लायनर ढकलून सरळ करायचा प्रयत्न केला की वरचं टोक सरळ दिसतं आणि खालचं वाकडंच राहतं.

दोन पातळ्या तपासा. लायनरचं खालचं टोक मऊ चिखल पार करून घट्ट थरात रुतलेलं हवं, नाहीतर बोअर चालू असताना खालून चिखल आत येतो. वरचं टोक उधाणाच्या भरतीपेक्षा वर हवं. लायनरच्या आतल्या द्रवाची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा सतत मीटर-दीड मीटर जास्त ठेवावी लागते; तोच दाब बोअरच्या भिंती धरून ठेवतो. दुपारी ओहोटीला सगळं ठीक दिसतं, संध्याकाळी बाहेरचं पाणी चढतं, आत कुणी भरत नाही, आणि रात्रीतून तळाला अर्धा मीटर गाळ.

बोअरिंग

छोट्या कामांत चिझल (दगड फोडणारं जड पातं) आणि बेलर (फुटलेला माल उपसणारी नळी), किंवा बेंटोनाइट ही फुगणारी माती पाण्यात कालवून फिरवत चालणारी डीएमसी पद्धत वापरतात. बेंटोनाइट गोड्या पाण्यातच कालवायचं. खाऱ्या पाण्यात ते फुगत नाही, नुसता गढूळ रस्सा होतो. टँकरचे पैसे वाचवण्यासाठी खाडीत पंप टाकणारा मुकादम तुम्हाला भेटेलच. वापरलेलं बेंटोनाइट खाडीत सोडायचं नाही, किनाऱ्यावर टाकीत बसू द्यायचं.

प्रत्येक पाइलची वही वेगळी. खोलीनुसार काय लागलं, किती वाजता, आणि घट्ट थर लागल्यानंतर दर १० सेंमीला किती वेळ चिझल मारावी लागली. बाहेर आलेले दगडाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत, वर पाइल नंबर आणि खोली लिहून. हे तुकडे बोअरच्या कोअरशेजारी ठेवून बघायचे. रंग आणि कणखरपणा जुळला की मगच "सॉकेट सुरू" म्हणायचं. सॉकेटची खोली, म्हणजे खडकात किती आत जायचं, ती डिझाइनमध्ये व्यासाच्या पटीत दिलेली असते. कडक दगडात कमी, झिजलेल्या दगडात जास्त. कंत्राटदाराला लवकर थांबायची घाई असते आणि त्याचे "दगड लागला, साहेब" हे शब्द पुरावा नव्हेत. पिशव्या हा पुरावा.

खोली झाली की तळ धुवायचा. वजन बांधलेला टेप सोडून बघा: स्वच्छ दगडावर टक्कन लागतो, गाळ असेल तर हळूच टेकतो. हा फरक हाताला लवकर कळायला लागतो. केज, म्हणजे सळयांचा पिंजरा, उतरवायला तास-दोन तास जातात, तेवढ्यात पुन्हा गाळ बसतो, म्हणून काँक्रीटच्या लगेच आधी ट्रिमीच्या, म्हणजे तळापर्यंत काँक्रीट पोचवणाऱ्या, नळीतून पुन्हा धुवायचं आणि पुन्हा टेप सोडायचा. दोन्ही मापं वहीत.

केज

आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक भरतीच्या पट्ट्यातलं काँक्रीट सगळ्यात कडक वर्गात टाकतं: किमान एम ४० ताकदीचं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० पर्यंत, आणि सळईवर ७५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. कव्हरचा अर्थ साइटवर नीट लक्षात घ्या. पाइल ४५० मिमीचा घेतला तर दोन्हीकडचं कव्हर जाऊन केज बाहेरून ३०० मिमीची उरते, आत सळया धरल्यावर अडीचशे, आणि त्यातून २०० मिमीची ट्रिमी जोडांसकट उतरवायची. ती अडकते. मग कुणीतरी कव्हर ब्लॉक काढून टाकतं. आठ-दहा वर्षांनी त्याच पाइलला उभ्या भेगा आणि तपकिरी डाग दिसतात. ६०० घेण्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं.

कव्हर ब्लॉक गोल, चाकासारखे, काँक्रीटचेच. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवलेली. केज तळावर टेकवायची नाही, लायनरच्या तोंडाला टांगायची. सळई किनाऱ्यावर उघडी पडून राहिली तर मीठ बसतं. बसवण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवा.

काँक्रीट

पाण्याखालचं काँक्रीट वरून ओतायचं नसतं, ट्रिमीने तळापासून वर आणायचं असतं. बाकी सगळं जमलं आणि हे बिघडलं तर पाइल गेला, म्हणून इथे घाई नको.

स्लम्प (काँक्रीटच्या पातळपणाचं माप) १५० ते १८० मिमी, घनमीटरला किमान ४०० किलो सिमेंट. खाऱ्या पाण्यासाठी स्लॅग सिमेंट चांगलं. मिक्सरला खाडीचं पाणी अजिबात नाही, वाळूही खाडीची नाही. ६०० मिमीच्या पाइलला मीटरला ०.२८ घनमीटर लागतं. बारा मीटरला सुमारे ३.४ घनमीटर, म्हणजे जवळपास २७-२८ पोती. हा आकडा आधी वहीत लिहून ठेवा. प्रत्यक्षात कमी लागलं तर कुठेतरी चिखल आत शिरून पाइल बारीक झाला आहे. बरंच जास्त लागलं तर कुठे पोकळी फुटली, ते शोधा.

ट्रिमी तळापासून वीत-दीड वीत वर ठेवायची, तोंडाशी बुच घालायचं, आणि पहिल्या दमात एवढं काँक्रीट सोडायचं की नळीचं टोक मीटरभर तरी गाडलं जाईल. त्यानंतर टोक कायम दीड-दोन मीटर काँक्रीटच्या आत. दर खेपेनंतर टेपने काँक्रीटची पातळी मोजायची, मगच नळीचा तुकडा काढायचा. नळी अडली की गडी ती जोरात वर झटकतात. टोक बाहेर आलं तर पाणी आत शिरतं आणि पाइलच्या मधोमध गाळाची चकती तयार होते, जी वरून कधीच दिसणार नाही. तसं झाल्याची शंका आली तर त्याच वेळी थांबून इंजिनिअरला बोलवा. "भरून टाकू" हा निर्णय साइटवर कुणीही घेऊ नये.

मिक्सर, डिझेल, सिमेंट, सगळं हाताशी असल्याशिवाय सुरुवात नाही. किनाऱ्यावरची वाट भरतीत पाण्याखाली जात असेल तर सुरुवातीची वेळ त्या हिशेबाने.

सगळ्यात आधी सोडलेलं काँक्रीट वर वर सरकत माथ्याशी येतं, ते गाळ-पाणी मिसळलेलं असतं. म्हणून कट-ऑफ पातळीच्या, म्हणजे पाइलच्या ठरलेल्या माथ्याच्या, वर किमान मीटरभर भरायचं, आणि आठवडाभराने तो भाग फोडायचा. शेवटचा वीतभर हाताने छिन्नीने. घट्ट, निळसर काँक्रीट लागेपर्यंत फोडायचं, नकाशातली रेघ आली म्हणून थांबायचं नाही. मग प्रत्येक पाइलची इंटिग्रिटी टेस्ट. डोक्यावर छोटा हातोडा मारून लहरी मोजतात, पाइल चिरला किंवा बारीक झाला असेल तर बहुधा कळतं. खर्च फार नाही. एखाद्या पाइलवर डिझाइन भाराच्या दीडपट वजनाची चाचणीही घेऊन ठेवावी.

लाकडावर भागणार असेल तर

एक-दोन हंगामांपुरती, चार-सहा माणसांच्या होडीची जेटी सुरूच्या झाडाच्या खांबांवर होते. साल काढायची, बारीक टोक खाली, टोकाला लोखंडी बूट, माथ्याला लोखंडी कडं म्हणजे ठोकताना फाटत नाही. मंकी, म्हणजे ठोकायचं वजन, फार उंचावरून सोडू नये. जड वजन कमी उंचीवरून सोडलेलं बरं. पुळणीत खांबाच्या टोकाशी पंपाने पाणी मारलं की तो सहज उतरतो, पण शेवटचा मीटर पाणी बंद करून ठोकायचा, नाहीतर रेती सैलच राहते. लाकूड पोखरणारा समुद्री किडा पाण्याखालच्या भागात आतून पोकळ करतो आणि बाहेरून खांब धडधाकट दिसतो. दर हंगामाआधी हातोडीने वाजवून बघा, भद्द आवाज आला तर बदला. माडाचं खोड फुकट मिळतं म्हणून वापरतात. बाहेरून कणखर, आतून भुसभुशीत, एक पावसाळा पुरे.

जेटी झाल्यावर

होडी थेट पाइलला टेकू देऊ नका. जेटीपासून थोडे सुटे असे सुरूचे खांब रोवून त्यांना टायर बांधा, धक्का ते घेतील आणि मोडले तर बदलता येतील.

पाइलभोवती पाणी भोवरा घेतं आणि तळ खणतं, व्यासाच्या दीड-दोन पटींपर्यंत. जेटी पूर्ण झाली की प्रत्येक पाइलवर रंगाची एक खूण करा आणि तिथून तळापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. पहिल्या पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या सुमाराला, उधाणाच्या ओहोटीला पुन्हा मोजा. अंतर डिझाइनमध्ये धरलेल्या खणणीपेक्षा वाढलं असेल तर दगड टाकण्याआधी इंजिनिअरला आकडे दाखवा. एका पाइलपाशी टाकलेल्या दगडांनी पाणी शेजारच्या पाइलकडे वळतं. त्याच फेरीत भरतीच्या पट्ट्यातलं काँक्रीट ब्रशने घासून, शेवाळ आणि कालवं काढून, तपकिरी डाग आहेत का ते बघायचं.